गाळणीच्या पुढची गुठळी

ओपीडीबाहेर बाकावर बसलेल्या एका मावशींनी मागे मला विचारलं, "पोरी, तुला पण फुप्फुसाच्या शिरेत गुठळी होती म्हणे? मग तू अशी बरी कशी काय दिसतेस?" त्यांच्या मुलाला त्याच दिवशी तसं सांगितलं होतं. मी सांगायला लागले, तोवर त्यांचा नंबर पुकारला गेला आणि त्या अर्धंच ऐकून उठल्या. उरलेलं अर्धं इथे लिहिते.

मला लिहायची सवय नाही. परीक्षेत लिहिते तेवढंच. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, त्यामुळे कुठे चुकलं तर वाचून सांगणारंही कुणी नाही. औषधं आणि डोस यांसाठी तुमचे डॉक्टर आहेत. मला काय झालं आणि मला काय काय प्रश्न पडले, एवढंच मी सांगू शकते.

चांगल्या बातमीचा दिवस

मला लिम्फोमा होता, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर. माझी गाठ दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत होती. केमोथेरपी निम्मी झाल्यावर गाठ किती कमी झाली ते बघायला सीटी स्कॅन केला. गाठ निम्म्याहून लहान झाली होती. हे टेक्निशियनच्या तोंडूनच आम्हाला कळलं आणि पप्पा लगेच खाली जाऊन वडापाव घेऊन आले. पप्पा सीबीडीतल्या एका सरकारी ऑफिसात शिपाई आहेत, नेरूळच्या बैठ्या घरांच्या वसाहतीत आम्ही राहतो. आनंद झाला की पप्पांना काहीतरी विकत आणावंच लागतं.

पहिला घास घेतला आणि मृणाल मॅडम बाहेर आल्या. त्या आमच्या युनिटच्या ज्युनियर डॉक्टर.

"सुकेशिनी, जरा आत ये. सोबत कोण आहे?"

कॅन्सरच्या पेशंटला या प्रश्नाची भीती वाटते. रिपोर्ट चांगला असला की सोबत कोण आहे हे कुणी विचारत नाही.

मॅडम म्हणाल्या, "गाठ कमी झालीय, ते खरंच आहे. पण दुसरं एक दिसतंय. डाव्या फुप्फुसातून निघणाऱ्या एका शिरेत रक्ताची गुठळी आहे."

मला जरा दम लागायचा, खोकलाही होता. केमोमुळे असेल असं आम्ही धरून चाललो होतो. स्कॅन झाला नसता तर कळलंही नसतं.

एका मार्काचा प्रश्न

घाबरायला हवं होतं, पण आधी मला शाळेतला विज्ञानाचा पेपर आठवला. मी हळूच म्हटलं, "मॅडम, पण शिरेत अशुद्ध रक्त असतं ना? फुप्फुसातून तर शुद्ध होऊन निघतं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग हातमोज्यांचं रिकामं खोकं ओढून त्यांनी त्याच्या पाठीवर पेनाने चित्र काढलं. मध्ये हृदय, दोन्हीकडे फुप्फुसं, फुप्फुसांकडून हृदयाकडे येणाऱ्या चार शिरा.

"सगळ्या शरीरात तू म्हणतेस तसंच. फक्त इथे उलटं. या शिरांमधून ताजं रक्त येतं."

फुप्फुस शिरा हा अपवाद. हे वाक्य मी शाळेत एका मार्कासाठी पाठ केलं होतं. तो अपवाद म्हणजे माझ्याच छातीतली, धडधडणारी, ओली जागा आहे, हे तेव्हा कुणाला वाटलं होतं!

मी कॉलेजात भूगोल घेतलाय. चित्रातल्या बारीक बारीक शिरा एकत्र येऊन मोठ्या होत जात होत्या. मला त्या उपनद्या वाटल्या. संगमाच्या जवळच माझी गाठ शिरेला दाबून बसली होती. प्रवाह मंदावला की गाळ बसतो. मी तसं म्हटल्यावर मॅडम म्हणाल्या, "साधारण तसंच. शिवाय कॅन्सरमध्ये रक्त लवकर साकळतं. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या."

मग त्यांनी पेन थांबवलं. "आता नीट ऐक. पायात झालेली गुठळी सुटली तर ती फुप्फुसात जाऊन अडकते. ते वाईटच. पण फुप्फुस तिथे गाळणीसारखं मध्ये असतं. तुझी गुठळी गाळणीच्या पुढे आहे. इथून सुटली तर थेट हृदयाच्या डाव्या भागात, आणि तिथून कुठेही."

"कुठेही म्हणजे?"

"मेंदूतही."

पप्पांनी एकच विचारलं, "म्हणजे कॅन्सर पसरला का?"

"नाही काका. हा कॅन्सर नाही. कॅन्सरमुळे झालेला त्रास आहे."

पप्पांनी मोठा श्वास सोडला आणि कागदातला वडापाव खाऊन टाकला. माझा माझ्या हातातच राहिला. केस गेले, चव गेली, अंगातली ताकद गेली, ते मी चालवून घेतलं होतं. पण डोकं शाबूत होतं. आजारपणातही पुस्तक उघडलं की दोन पानं समजायची. गुठळी तिथे गेली तर माझं बोलणं जाईल, वाचलेलं जाईल. त्या दिवसापासून मला मरणापेक्षा याचीच भीती जास्त वाटू लागली.

वॉर्डात

तिथूनच मला भरती केलं. रक्त साकळू नये म्हणून पोटात सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. रोज जागा बदलायची असते, म्हणून सिस्टरनी बेंबीभोवती घड्याळ आहे असं समजायला शिकवलं. "आज तीनवर टोचू. उद्या चारवर." थोड्याच दिवसांत माझं सगळं घड्याळ निळं-जांभळं झालं. टोचलेल्या जागी हुळहुळायचं, पण चोळायचं नाही. आई आली की तिचा हात आपोआप तिकडे जायचा आणि सिस्टर लांबूनच ओरडायच्या, "आई, हात!"

शेजारच्या खाटेवर शमीमचाची होत्या. पनवेलच्या पुढच्या खाडीकाठच्या गावातल्या. फुप्फुसाचा एक भाग काढून टाकलेला, तरी त्यांचा आवाज अख्ख्या वॉर्डला पुरायचा.

"तुजा नाव काय गो?"

"सुकेशिनी."

त्यांनी माझ्या तुळतुळीत डोक्याकडे बघितलं. "या अल्ला! आन केस कुठं ठेवलेस?"

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. भरती झाल्यापासून पहिल्यांदाच.

चाचींनाच मी माझी गुठळी समजावून सांगितली, मॅडमकडून मागून आणलेलं खोक्यावरचं चित्र दाखवून. त्या म्हणाल्या, "मना पन सांगलंय डॉक्टरनी. आपरेशन केला तिथं शिरेचं तोंड बांधून ठेवतात, मंग त्यात रगत साकळू शकतं. माजी शीर पन फोटो काढून बघनार हायेत." मग खजुराची डबी पुढे केली. "घाबरून काय करतेस? डॉक्टरला दिसली ना ती? दिसलेल्या चोराला कोन घाबरतो!"

हे मला फार उपयोगी पडलं. पुढे मला पूर्वीइतकी भीती वाटली नाही असं नाही. पण गुठळीकडे बघायची उत्सुकता भीतीच्या बरोबरीने आली. मी राउंडला रोज एक प्रश्न तयार ठेवायची. गुठळी विरघळते की शिरेला चिकटून राहते? (काही वेळा शरीर स्वतःच ती हळूहळू खातं, औषध तिला वाढू देत नाही.) शीर बंद पडली तर फुप्फुसाच्या त्या भागाचं काय होतं? (रक्त आत येतं पण बाहेर पडत नाही, तिथे साचतं. माझा दम आणि खोकला त्यानेच.) मोठे डॉक्टर एकदा म्हणाले, "हिला कुणी मेडिकलला का नाही घातलं?" पप्पा लाजले. त्यांनी ते वाक्य वसाहतीत किती जणांना ऐकवलं असेल कोण जाणे.

हसून दाखव

घरी सोडताना मॅडमनी पप्पांना शिकवलं. मेंदूकडे काही गेलं तर ओळखायचं कसं? हसायला सांगायचं, तोंड वाकडं होतं का बघायचं. दोन्ही हात वर करायला लावायचे. एक वाक्य बोलायला सांगायचं. यातलं काहीही बिनसलेलं दिसलं, कधीही, तर थांबायचं नाही, तडक हॉस्पिटल.

पप्पांनी रोज सकाळी हजेरीच घ्यायला सुरुवात केली. डबा हातात, चपला पायात आणि दारातून, "हं, हस."

"पप्पा, असं सांगून हसू येत नाही."

"मग कसं येतं? हात वर कर. आता बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काल काय वाचलंस ते सांग."

मी सांगायची, वाळूच्या टेकड्या वाऱ्याने पुढे सरकतात, किंवा खाडीचं पाणी दिवसातून दोनदा मागे का जातं. पप्पा शाळेत सातवीपर्यंत गेले. "अच्छा, असं असतं होय," म्हणून ते बसस्टॉपकडे निघायचे. तपासणी माझी व्हायची, पण आम्ही इतकं आधी कधी बोललो नव्हतो.

एका सकाळी मी हसले आणि पप्पांचा चेहराच उतरला. "तोंड वाकडं झालंय! रिक्षा आणा रे कुणीतरी!" आई पिठाच्या हातानेच धावली. मी सांगत होते, पण मला नीट बोलता येत नव्हतं, त्यामुळे ते आणखीच घाबरले. हॉस्पिटलात मॅडमनी माझे हात, पाय, डोळे सगळं तपासलं आणि मग तोंडात टॉर्च मारला. केमोमुळे एका गालात आतून हे मोठे फोड आले होते. तो गाल हलतच नव्हता.

पप्पा ओशाळले. मॅडम म्हणाल्या, "काका, अगदी बरोबर केलंत. शंभर वेळा असं उगाच आलात तरी चालेल."

न चढणारा आकडा

पोटावर टोचायला जागा उरली नाही तेव्हा रक्त पातळ करायची जुनी गोळी सुरू केली. नवीन गोळ्याही असतात, पण माझ्या बाकीच्या औषधांबरोबर त्या वेळी हीच बसली. या गोळीचं एक आहे, सारखं रक्त तपासून आकडा बघावा लागतो. तो दोन आणि तीनच्या मध्ये हवा. खाली राहिला तर गुठळी वाढायची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची.

माझा आकडा दोनपर्यंत जाईना. डोस वाढवला, थोडा सरकला, पुन्हा तिथेच. मॅडमनी विचारलं, "गोळी चुकते का?" नाही. "पालेभाज्या खूप खातेस का? त्याने या गोळीचा जोर कमी होतो."

मी म्हटलं, "पालेभाजी मी खातच नाही. वासानेच उलटी होते." ते खरंच होतं. आई माझ्या मागे उभी होती, पदराचं टोक धरून. हॉस्पिटलात बोलायचं काम माझं. फॉर्म, काउंटर, डॉक्टर, सगळीकडे मीच बोलायची. शिकलेली ना मी.

घरी वातावरण बिघडलं. पप्पा आईला म्हणाले, "गोळी तूच देतेस ना? लक्ष कुठं असतं तुझं?"

"म्हंजी मी काय सोता खाते का ती?" आई कधी उलटून बोलत नाही, त्या दिवशी बोलली. दोघं दोन दिवस माझ्यामार्फतच बोलत होते. "तुझ्या आईला सांग, डबा नको." "तुझ्या बापाला सांग, भरून ठेवलाय."

मला आकड्याचं कोडं सुटत नव्हतं. गोळीची वेळ बदलून बघितली. डाळिंब बंद केलं. मॅडमनी डोस आणखी वाढवला, तेव्हा कुठे आकडा दोनच्या वर टेकला. लांबत गेलेली केमो पुन्हा रुळावर आली.

आणि आईची मावशी वारली. परभणीकडच्या गावात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. आईला जावंच लागणार होतं, त्याच मावशीने तिला लहानाची मोठी केलेलं. पप्पांनी सुट्टी काढली. खिचडी, वरणभात, ब्रेड असं आमचं चाललं. गोळी पप्पा स्वतः हातावर ठेवायचे आणि मी तोंड उघडून दाखवेपर्यंत हलायचे नाहीत.

आई परतायच्या आधीच एका सकाळी दात घासताना बेसिन लाल झालं. हिरड्यांतून रक्त थांबेना. हॉस्पिटलात गेलो तर आकडा पाचच्याही वर. केमोमुळे प्लेटलेट आधीच कमी. म्हणजे गुठळी मेंदूत जाईल म्हणून जी गोळी घेत होते, तिच्यामुळेच आता मेंदूत रक्तस्राव व्हायची वेळ आली होती. गोळी थांबवली, तिचा जोर उतरवणारं औषध दिलं, पुन्हा खाट.

मृणाल मॅडम खाटेच्या कडेला बसल्या. "गोळी तीच. डोस तोच. या आठवड्यात घरात बदललं काय?"

"काहीच नाही. फक्त आई नव्हती."

"मग आई असताना काय काय करते ते सांग."

मी सांगू लागले. पहाटे उठते, पाणी भरते, गोळी देते, माझ्यासाठी वेगळी छोटी भाकरी करते...

"वेगळी का?"

ते मला माहीत नव्हतं. बाजरीची भाकरी, मुळातच हिरवट-काळसर. तिला जरा आंबूस चव असायची. केमोने जीभ बिघडलीय म्हणून असेल असं मी समजत होते. पण पप्पांच्या खिचडीला आंबूस चव नव्हती.

मी तिथूनच आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, माझ्या भाकरीत तू काय घालतेस?"

"काय घालनार? पीठ, मीठ."

"आणखी?"

पलीकडे गावातली माणसं बोलत होती, कोंबडा आरवत होता.

"कुनी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. सांग ना."

"हरभऱ्याचा पाला. मामानं वाळवून धाडलेला. बारीक करते, चाळते आन पिठात मळते. वास येत न्हाई तसा. पयल्यांदा तुज्या डॉक्टरबाईच म्हनल्या व्हत्या ना, रक्त कमी हाय, पालेभाजी खाऊ घाला म्हनून? तू तर ताट ढकलायचीस."

मला आठवलं. केमो सुरू व्हायच्या वेळी असं सांगितलं होतं खरं. गुठळीच्या कितीतरी आधी.

"मग त्यांनी पालेभाजीचं विचारलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू बोलत व्हतीस की. मला कुनी इचारलं?"

पप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं, मॅडम आता रागावतील. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"काकू, मी मृणाल. पाला किती घालता?"

"मूठभर. बाई, माझ्यामुळं झालं का हो पोरीला?"

"पाला रोज घालत होता?"

"रोज. एक दिस चुकले न्हाई."

"मग ऐका. तुमचा पाला आकडा खाली ओढत होता, म्हणून आम्ही गोळी वाढवली. तुम्ही गेलात, पाला थांबला, वाढवलेली गोळी तशीच राहिली. तुम्ही परत या आणि भाकरी करा. फक्त रोज तेवढीच. आम्ही गोळी तुमच्या भाकरीला बसवून देऊ."

आईने विचारलं, "मूठ मोजून सांगू का?"

परत आल्यावर ती खरंच पाल्याची पिशवी घेऊन ओपीडीत गेली. मॅडमनी मूठ बघितली आणि म्हणाल्या, चमचा ठरवा. आईने विचारलं, "चहाचा का पोह्याचा?" तेव्हापासून हॉस्पिटलात कुणीही माझ्या खाण्याबद्दल विचारलं की मी बाजूला सरकते आणि आई सांगते. सुरुवातीला तिचा आवाज फुटायचा नाही. आता ती सिस्टरनाच उलट विचारते, "कालचा आकडा किती आला?"

म्हणून गोळी सुरू असलेल्यांना मी हेच सांगेन, जेवण रांधणाऱ्या माणसाला डॉक्टरांसमोर नेऊन बसवा. त्यांच्या वतीने तुम्ही बोलू नका.

पडद्यावर

केमो संपल्यावर पुन्हा स्कॅन झाला. या वेळी मॅडमनी "सोबत कोण आहे" विचारलं नाही, कारण आई माझ्या आधीच आत जाऊन बसली होती. मॅडमनी पडदा आमच्याकडे वळवला. रंगाचं औषध सोडल्यावर रक्त पांढरं दिसतं. जुन्या चित्रात डाव्या शिरेत हृदयाच्या तोंडाशी एक करडा डाग होता. नव्या चित्रात शीर कडेला जराशी अरुंद होती, बाकी शेवटपर्यंत पांढरी.

"गेली?" मी विचारलं.

"शीर उघडलीय. गोळी अजून काही महिने. तपासण्या चालू राहतील. पण तुला ज्याची भीती होती ती गुठळी आता तिथे नाही."

बोलायला गेले आणि मला शब्दच सापडेनात. क्षणभर मॅडमनीही माझ्या तोंडाकडे बघितलं. मी घाईने दोन्ही हात वर करून दाखवले, तशा त्या हसल्या.

आई अजून पडद्याकडेच बघत होती. एरवी ती डॉक्टरांना आकडा विचारते, बाकी काही नाही. तिने पडद्याला लागणार नाही असं बोट शिरेवर धरलं.

"बाई, हितून रक्त कुठं जातं?"

"हृदयात."

"आन तितून?"

"सगळीकडे. हातापायांत, पोटात."

"डोक्यात?"

घरात किती महिने आम्ही हा शब्द भीत भीत उच्चारत होतो ते मॅडमना ठाऊक होतं.

"हो काकू. सगळ्यात आधी डोक्यात."

आईने मान हलवली, पदर नीट केला आणि उठता उठता म्हणाली, "मग जाऊ द्या त्याला."